लेसवाला अँकल सपोर्ट: सिमेंटच्या कोर्टावर कसा चालतो

मी बास्केटबॉलमध्ये गार्ड खेळते, म्हणजे बॉल पुढे नेणारी. शाळेत उंची नव्हती, म्हणून सरांनी बॉल माझ्या हातात दिला आणि बास्केटखालची जागा दुसऱ्यांना दिली. आता आठवडाभर सातपूरला कंपनीत अकाउंट्स बघते आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या सिमेंटच्या कोर्टावर कॉलेजच्या पोरापोरींसोबत पळते. ती मला ताई म्हणतात, पण क्रॉसओव्हर (बॉल एका हातातून दुसऱ्यात टाकून चकवणं) मारताना दयामाया दाखवत नाहीत. उजवा घोटा जुना दुखणेकरी आहे. ले-अप (बास्केटजवळ उडी मारून टाकलेला शॉट) मारून उतरताना कुणाच्या तरी बुटावर पाय पडतो, तळवा आत वळतो आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. पुढचे पंधरा दिवस लिफ्टची वाट बघत उभं राहायचं.

सिव्हिल हॉस्पिटलच्या बाजूला सर्जिकलच्या दुकानांची जी रांग आहे, तिथे गेले. आधी समोर आला तो स्किन कलरचा इलॅस्टिकचा मोजा. "ताई, हाच सगळे नेतात." नेत असतील. तो घोटा गरम ठेवतो, सूज आली असेल तर बरा वाटतो, पण पाय वळायचा तो वळतोच. मग लेसवाला काढायला लावला. काळं जाड कापड, पुढे बुटासारखी लेस आणि दोन लांब पट्टे. पट्टे तळव्याखालून घालून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे घोट्याभोवती फिरवायचे आणि वर वेल्क्रोने चिकटवायचे. साडेनऊशेला पडला. गल्ल्यावरच्या मुलाने वर शेरा मारला, "स्टेफ करी हाच घालतो."

हाच नाही. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमधला पॉइंट गार्ड करी बरीच वर्षं वापरत आला तो झॅम्स्ट या जपानी कंपनीचा, बाजूंना कडक आधार असलेला. पण नाव काढलंच आहे तर बोलूया, कारण पॉइंट गार्डचं करिअर घोट्यावर कसं टांगलेलं असतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

2009 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, गोल्डन स्टेट संघाने त्याला सातव्या नंबरवर घेतलं. पहिला सीझन झकास गेला. दुसऱ्यात उजवा घोटा मुरगळायला लागला तो थांबेचना. मे 2011 मध्ये ऑपरेशन झालं. पुढचा सीझन लॉकआउटमुळे (मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद राहिल्याने) आधीच 66 मॅचचा होता, त्यातल्या 26 च खेळला आणि एप्रिल 2012 मध्ये परत टेबलावर. त्या शरद ऋतूत क्लबने चार वर्षांसाठी 44 मिलियन डॉलरचा करार केला. आज तो आकडा त्याच्यासाठी फुकटात वाटतो, तेव्हा घोट्याकडे बघून लोक म्हणत होते की जरा जास्तच दिले. 2012-13 ला तो 78 मॅच खेळला आणि 272 थ्री (लांबून टाकलेले तीन पॉइंटचे शॉट) मारून एका सीझनचा विक्रम केला. पुढे 2015 ला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि विजेतेपद, 2015-16 ला 402 थ्री आणि एकमताने एमव्हीपी. एकूण चार टायटल, शेवटचं 2022 चं.

हे सगळं सपोर्टने झालं नाही, हेच त्या मुलाला सांगायचं होतं, पण मागे गिऱ्हाईक उभं होतं. क्लबच्या ट्रेनरनी त्याचं कंबर-नितंबाचं बळ वाढवण्यावर भर दिला. डेडलिफ्ट करायला लावली, दिशा बदलताना जोर घोट्याऐवजी कमरेतून काढायला शिकवलं. गार्डचं निम्मं काम ब्रेक मारण्याचं असतं. भरधाव जायचं, कचकन थांबायचं, समोरचा पुढे निघून गेला की शॉट. तो ब्रेक एकट्या घोट्यावर मारला तर घोटा किती दिवस सोसणार? माझ्या फिजिओ मॅडमही हेच बोलतात. फक्त त्या डेडलिफ्ट नाही, जिन्याच्या पायरीवर एका पायाने टाच उचलायला लावतात आणि दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगतात.

मग सपोर्टवर पैसे का घालायचे? कारण उपयोग होतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या शाळांमधल्या 1,460 बास्केटबॉल खेळाडूंवर झालेला अभ्यास 2011 ला छापून आला. लेसवाला सपोर्ट घालणाऱ्यांना घोट्याच्या दुखापती साधारण एक तृतीयांशच झाल्या. मात्र ज्यांना झाल्या, त्यांची दुखापत सपोर्टमुळे सौम्य झाली नव्हती. म्हणजे पाय वळण्याची शक्यता कमी होते, वळलाच तर लाड नाहीत.

कोर्टावरचा अनुभव असा. पहिल्या रविवारी पाय परका वाटला, उडी अर्धा इंच कमी झाल्याचा भास झाला. पुढे तो जातो. साइडला सरकताना, म्हणजे डिफेन्स स्लाइडला, तळवा आत झुकायला लागला की पट्टा ओढून धरतो, हे स्पष्ट जाणवतं. पुढे-मागे घोटा मोकळा राहतो, त्यामुळे जंप शॉटला अडचण नाही. पण लेस घट्ट, पट्टा त्याहून घट्ट, हा क्रम पाळा. लेस ढिली ठेवून नुसता पट्टा आवळला तर बोटांना मुंग्या येतात. हाफटाइमला पट्टे सैल झालेले असतात, ते पुन्हा ओढून घ्यायचे.

तक्रारी आहेत. आपल्याकडच्या सिमेंटवर बारीक धूळ असते, ती वेल्क्रोत बसते आणि तीन-चार महिन्यांत पकड कमी होते. जुन्या टूथब्रशने घासून काढा, थोडा जीव येतो. पावसाळ्यात हा वाळता वाळत नाही. आतला वास गॅलरीतून घरात येतो, आईने एकदा चिमट्याने उचलून बाहेर टाकला होता. मशीनमध्ये टाकू नका, हाताने साबणाच्या पाण्यात बुचकळून सावलीत टांगा. शिलाई तळव्याखाली सुटायला लागली होती, ती चपला शिवणाऱ्या काकांनी मेणाच्या दोऱ्याने पक्की करून दिली, मूळ शिलाईपेक्षा चांगली.

बुटाचा प्रश्न खरा. सपोर्ट घातल्यावर नेहमीचा बूट चढत नाही, अर्धा नंबर मोठा लागतो किंवा आतला सोल काढावा लागतो. बूट घ्यायला जाल तेव्हा सपोर्ट पिशवीत घेऊन जा.

एकदाही पाय न मुरगळलेल्या पोरांनी घ्यावा का? माझं मत, आधी पायरीवरचा व्यायाम, मग बघू. माझ्यासारखा जुना घोटा असेल तर बिनधास्त घ्या. साइज बुटाच्या नंबरवरून देतात, ती ऐकू नका, घोट्याचा घेर टेपने मोजून घ्या. जोडीत मिळत नाही, सुटा मिळतो. डावा-उजवा असा फरक नाही, एकच दोन्ही पायांना चालतो.