हेवी लायसन्स: पैसे भरून स्कूलमध्ये, की कंपनीच्या बाँडवर?

माझ्या मावसभावाला ट्रक लाइनमध्ये यायचंय. वय २२, कारचं लायसन्स काढून तीन वर्षं झालीत, म्हणजे हेवीच्या (ट्रकसारख्या जड गाडीच्या) लर्निंगला अडचण काही नाही. प्रश्न एवढाच की शिकायचं कुठं. तालुक्याच्या ठिकाणी पैसे भरून मोटार ट्रेनिंग स्कूल लावायचं, की एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या फुकट ट्रेनिंगला जाऊन बाँड (ठरलेली वर्षं तिथंच काम करीन, सोडलं तर पैसे भरीन असा करार) लिहून द्यायचा? दोन्ही मी करून पाहिलंय, आधी स्कूल आणि मग कंपनी. त्याला फोनवर सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय, कारण या फेऱ्यात अडकलेली पोरं बरीच आहेत.

फीचं आधी उरकतो. स्कूलला माझे साडेनऊ हजार गेले, आरटीओची फी वेगळी. कंपनीत एक रुपया लागला नाही. दोन महिने राहणं-जेवण त्यांचं, वर हातखर्चाला थोडे पैसे. पण कंपनीचं फुकट हे दोन वर्षांच्या बाँडचं फुकट असतं. त्यामुळे नुसत्या फीकडे बघून ठरवू नका. फरक दुसरीकडे आहे.

स्कूलबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण आमचे मास्तर मनापासून शिकवायचे. क्लच हळू सोडायचा, आरसे बघायची सवय, इंडिकेटर देऊन मगच लेन बदलायची, हे सगळं त्यांनी पक्कं करून घेतलं. गाडी जुनी होती, गियर अडकायचा, पण जुन्या गाडीवर हात बसला की नवी सोपी जाते. सकाळी तासभर जाऊन बाकीचा दिवस शेतात काम करता यायचं, घर सोडावं लागलं नाही. घरात माणूस आजारी असेल किंवा दुसरा कमावता हात नसेल, तर ही सोय लहान नाही.

हेवीसाठी नियमाने किमान ३० दिवसांची शिकवणी आणि किमान १५ तास प्रत्यक्ष चालवणं व्हायला हवं. मी वहीत मांडून ठेवायचो. महिन्याभरात माझ्या वाट्याला स्टिअरिंग आलं ते साधारण आठ तास. गाडी एक, पोरं नऊ. पण तेही मी सोसलं असतं, कारण राहिलेले तास पुढे कुठंतरी भरून निघतात. खरी अडचण वेगळीच होती, आणि ती मला लायसन्स हातात आल्यावर कळली.

स्कूलची गाडी रिकामी असते.

ऐकायला साधी गोष्ट वाटते. मलाही वाटली होती. लायसन्स मिळाल्यावर ओळखीतल्या एका मालकाच्या सहाचाकी गाडीवर लागलो. लासलगावहून कांदा भरला आणि वाशीच्या मार्केटला निघालो. मालक शेजारी, मी स्टिअरिंगवर. इगतपुरीपर्यंत सगळं झकास. कसारा घाट सुरू झाला आणि पहिल्या उतारावर कळलं की ही ती गाडीच नाही. स्कूलच्या गाडीचा ब्रेक दाबला की ती जागेवर उभी राहायची, चाकंसुद्धा घासायची. इथं ब्रेक दाबला तर गाडी दोन पावलं दबते आणि परत ढकलायला लागते. मी घाबरून ब्रेक सोडतोय, दाबतोय, सोडतोय. ट्रकचा ब्रेक टाकीतल्या हवेच्या दाबावर चालतो आणि दर दाबाला ती हवा खर्च होते, ते मला माहीत होतं, पण पायाला माहीत नव्हतं. हवेचा काटा खाली येत गेला. ब्रेकचे लायनर (ड्रमला घासणारे पट्टे) जळल्याचा उग्र वास केबिनमध्ये भरला. मग हवा कमी झाल्याचा बझर वाजला. खालच्या गियरला घ्यायला गेलो तर गियर बसेना, आणि गाडी तेवढा वेळ न्यूट्रलमध्ये मोकळी. मालकाने हात पुढे करून एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावला आणि ओरडले, "रेस दे, रेस देऊन टाक गियर!" कसाबसा तिसरा बसला. पुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली, चाकांना दगड लावले, आणि खालपर्यंत स्वतः चालवत नेली. मला एक शब्द रागाने बोलले नाहीत. पण त्यानंतर महिनाभर मी त्या गाडीवर क्लीनरचीच कामं केली.

दोन एक्सलचा म्हणजे सहाचाकी ट्रक रिकामा सहा-सात टनांचा असतो. २०१८ च्या सुधारित मर्यादेप्रमाणे तो मालासह १८.५ टनांपर्यंत जातो, म्हणजे जवळपास तिप्पट. स्टिअरिंग तेच, पेडल तेच, पण वळणावरचा झोल, ब्रेकचं अंतर, चढावर कुठल्या क्षणी गियर उतरवायचा, सगळं बदलतं. स्कूलवाले माल भरत नाहीत याचं कारणही समजण्यासारखं आहे. वजनाने डिझेल जळतं, टायर झिजतात, आणि आरटीओच्या टेस्टला भरलेली गाडी कोणी मागत नाही. जे परीक्षेत नाही ते शिकवण्याचा खर्च छोट्या स्कूलने कुठून करायचा?

आता कंपनीचं. तिथं पहिले दहा दिवस मला कंटाळाच आला. वर्गात बसवायचे, एअर ब्रेकचं आतलं दिसावं म्हणून कापलेलं मॉडेल दाखवायचे, रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारून टायर, नट, हवेची गळती, दिवे बघायला लावायचे. मला वाटायचं, लायसन्सवाल्या माणसाला हे काय शिकवतात. तिसऱ्या आठवड्यात मैदानात गाडी आली ती वाळूची पोती घालून.

इन्स्ट्रक्टरांनी जमिनीवर फक्कीची रेघ मारली. सांगितलं, ४० च्या स्पीडला या रेघेवर ब्रेक दाबायचा आणि गाडी थांबेल तिथं दुसरी रेघ. आधी रिकामी गाडी, मग अर्धी पोती, मग पूर्ण. तिन्ही वेळा मी उतरून पावलांनी मोजलं. रिकामी असताना सोळा पावलं, पूर्ण भरल्यावर सत्तावीस. मधली अकरा पावलं मी बराच वेळ बघत उभा होतो. कसारा घाटातल्या माझ्या पायाला हीच अकरा पावलं माहीत नव्हती.

त्यानंतर दोन महिने सीनियर ड्रायव्हरबरोबर जोडी. आमचे उस्ताद पंधरा वर्षं याच लाइनवर होते. त्यांचं एकच पालुपद, "चढताना जो गियर, उतरताना तोच गियर." घाटाच्या तोंडाशी, उतार सुरू व्हायच्या आधीच गियर खाली, एक्झॉस्ट ब्रेक चालू, आणि पायाचा ब्रेक थोडा वेळ दाबून स्पीड उतरवायचा नि पूर्ण सोडायचा, म्हणजे लायनर निवतात. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांची त्यांना भयंकर चीड. पुण्यात नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने बऱ्याच गाड्यांचं नुकसान केलं, तेव्हा उतारावर इंजिन बंद ठेवल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. उस्ताद त्या उतारावर दरवेळी सांगायचे, इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, हवा भरणार कुठून? हे मी वर्गातही ऐकलं होतं. पण भरलेल्या गाडीत, त्याच उतारावर, काट्याकडे बोट दाखवून सांगितलेलं डोक्यात राहतं.

मग कंपनी चांगलीच का? बाँड आहे ना. माझा दोन वर्षांचा होता, मोडला तर ४० हजार. आणि बाविसाव्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण ४० हजार, हे मी सही करताना नीट वाचलं नव्हतं. जेवढे महिने काम केलं तेवढी रक्कम कमी होत जायला हवी, ते आधी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा कितीही मोठा लिहिला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, पण कोर्टाची पायरी ड्रायव्हर माणसाला परवडत नाही. भांडण कागदावरच मिटलेलं बरं. शिवाय त्या दोन वर्षांत रूट तुमच्या मर्जीचा नसतो. मी दोन दिवाळ्या घरी नव्हतो. नव्या लग्नाच्या माणसाला किंवा घरी म्हातारे आईवडील असलेल्याला हे जड जातं, आणि अशा माणसाने स्कूल निवडलं तर मी त्याला चुकीचं म्हणणार नाही.

स्कूल घेणाऱ्यांना एकच विनंती. लायसन्स मिळालं म्हणजे शिकून झालं असं धरू नका. घरचा किंवा ओळखीचा अनुभवी ड्रायव्हर बघा, त्याच्याबरोबर पाच-सात भरलेल्या खेपा शेजारच्या सीटवर बसून करा, मग मैदानी रस्त्यावर स्टिअरिंग घ्या, घाट सगळ्यात शेवटी. असा माणूस हाताशी असेल तर स्कूल आणि कंपनी यांत फारसा फरक उरत नाही. ज्यांच्या घरातच ट्रक आहे त्यांनी तर बाँडच्या भानगडीत पडायचं कारण नाही. पण आमच्यासारख्या, ज्यांच्या घराण्यात ट्रक पहिल्यांदाच येतोय, त्यांना तो माणूस मिळायचा कुठून? माझ्या मते तिथंच पारडं कंपनीकडे झुकतं.

मधला एक रस्ताही आहे. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरची योजना आहे. तिथं हेवीचा कोर्स ३८ तासांचा, सहा आठवड्यांत, आणि पास झालं की आरटीओची वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही. पुण्यात कासारवाडीला आयडीटीआर (ड्रायव्हिंग शिकवणारी मोठी संस्था) आहे. बाँड नको आणि शिकायचं तर नीट, असं असेल तर अशा ठिकाणी चौकशी जरूर करा. मी स्वतः तिथं शिकलेलो नाही, म्हणून जास्त बोलत नाही. मात्र तिथंही, स्कूलमध्येही आणि कंपनीतही फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, की गाडी भरून चालवायला देता का, आणि किती दिवस? उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर समजून घ्या.

मावसभाऊ पुढच्या सोमवारी कंपनीच्या ट्रेनिंगला निघालाय. बाँडच्या कागदाचे फोटो त्याने काल रात्री पाठवले. रक्कम दर सहा महिन्यांनी कमी होतेय, ते बरं आहे. पण चौथ्या कलमात मूळ लायसन्स ऑफिसात जमा करायचं लिहिलंय. ते खोडून घे आणि झेरॉक्स दे, असं त्याला कळवलंय. ऐकलं नाहीत तर सही करण्याआधी मला फोन कर म्हणालोय, मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलतो.