चरे गेले नव्हते, बुजवले होते

माझ्या काळ्या गाडीवरचे बारीक चरे काढून ती प्रदर्शनात ठेवण्याजोगी करून देतो, असे सांगून एका कारागिराने माझ्याकडून पूर्ण कामाचे पैसे घेतले आणि प्रत्यक्षात त्यातला एकही चरा काढला नाही. त्याने ते तेलकट लेपाने बुजवले, वरून मेण फासले आणि त्यालाच सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ, कडक संरक्षक थर, म्हटले. हे कळायला मला अडीच आठवडे लागले, आणि कळल्यावर मी जे केले त्याने नुकसान दुप्पट झाले. असे काम करून घेण्याच्या बेतात असलेल्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सारे क्रमाने लिहितो आहे. त्यात माझा मूर्खपणाही येईल, त्याला इलाज नाही.

मुळात ते चरे माझ्याच हातचे होते. गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने झटकायची सवय मला अनेक वर्षे होती. धुळीतले कण फडक्यात अडकतात आणि पुसणाऱ्या प्रत्येक हाताबरोबर रंगावर घासले जातात. सावलीत त्याचे काही दिसत नाही. उन्हात मात्र सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी उमटते. वास्तविक हे चरे गोल नसतात, सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले जे प्रकाशाला आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून ते दिव्याभोवती मांडल्यासारखे वाटतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हे सहसा खपून जाते, काळ्या गाडीवर लपत नाही.

हे चरे निघतात कसे, ते मला तेव्हा ठाऊक असते तर पुढचे रामायण घडले नसते. अलीकडच्या गाड्यांच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून कल्पना यावी. बारीक चरे या वरच्या थरातच असतात आणि ते घालवायचे म्हणजे चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून सपाट करायचा. म्हणजे चरा काढताना दर वेळी क्लिअर कोट थोडा खर्ची पडतो, आणि रंगाला उन्हापासून वाचवणारा थरही तोच असल्यामुळे त्याची उधळपट्टी परवडत नाही. ज्या चऱ्यात नख अडकते तो पॉलिश करून पूर्ण निघत नाही, फार तर त्याच्या कडा बोथट होऊन तो कमी दिसतो. म्हणूनच प्रामाणिक कारागीर ‘बहुतेक चरे जातील, काही राहतील’ असे सांगतो. माझा कारागीर म्हणाला होता, “साहेब, शंभर टक्के. आरसा करून देतो.”

त्याच्या कामाच्या जागेने मी आधीच भारावलो होतो. छतावर षटकोनी दिवे, भिंतीवर टांगलेली यंत्रे, हातमोजे घातलेली दोन मुले आणि समोर टेबलावर कोटिंग केलेले एक सुटे बोनेट. त्या बोनेटवर त्याने काळ्या मार्करने रेघ ओढून ती पुसून दाखवली, मग लायटरची ज्योत धरली, मग नाणे घासले. नऊ एच काठिण्य आहे, दगडानेही ओरखडा उठत नाही, असे तो म्हणाला. नऊ एच हे माप पेन्सिलींच्या कसोटीतले आहे, म्हणजे ९ एच दर्जाची कडक पेन्सिल ठरावीक दाबाने फिरवल्यावर थरावर ओरखडा उठत नाही एवढाच त्याचा अर्थ. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीशी त्याचा काही संबंध नाही. फडक्यातल्या वाळूच्या कणापुढे हे नऊ एच टिकत नाही. कोटिंगमुळे पाणी आणि मळ सहज घरंगळतात, धुणे सोपे होते, झिलई टिकते, हे सगळे खरे आहे. पण काही मायक्रॉनसुद्धा जाड नसलेला तो थर चिलखत नव्हे.

नंतर त्याने रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र काढले आणि माझ्या गाडीच्या बोनेटच्या मध्यभागी टेकवले. आकडा आला १२४. “बघा, भरपूर माल आहे,” असे म्हणून त्याने यंत्र खिशात टाकले. साधे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगते, त्यात क्लिअर कोट किती हे त्यावरून कळत नाही. शिवाय एकाच जागी घेतलेल्या आणि कुठेही न लिहिलेल्या मापाला काही अर्थ नसतो. मोजायचे तर प्रत्येक भागावर चार ठिकाणी मोजावे, लिहून ठेवावे आणि काम झाल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा मोजावे. पण यंत्र आहे म्हणजे माणूस शास्त्रशुद्ध काम करणारा असणार, असे मी धरून चाललो. बिलावर त्याने ‘पॉलिश व कोटिंग’ एवढेच लिहिले. तोंडी मात्र धुणे, क्ले म्हणजे चिकणमातीसारखा मऊ गोळा फिरवून चिकटलेला मळ काढणे, तीन टप्प्यांचे पॉलिश आणि दोन थर कोटिंग, असा सगळा पाढा वाचला होता.

गाडी सकाळी दिली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तयार असल्याचा फोन आला. एवढ्या वेळात अख्ख्या गाडीवर तीन टप्पे नीट होऊन वर कोटिंग वाळणे कठीण आहे, हे मला आज कळते. तेव्हा गाडी पाहिली आणि बोलतीच बंद झाली. दिव्यांच्या त्या मऊ, पसरट उजेडात ती ओल्या शाईसारखी दिसत होती. दोन गोष्टी खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे बोनेटवरून हात फिरवला तेव्हा बोटांना किंचित तेलकटपणा लागला. दुसरी म्हणजे मागच्या नावाच्या अक्षरांच्या बेचक्यांत पांढरी पूड साचून वाळलेली होती, याचा अर्थ कडा चिकटपट्टीने झाकून काम करण्याचे कष्टही कोणी घेतले नव्हते. कोटिंग पक्के होईपर्यंत पंधरा दिवस गाडी धुवू नका, असे त्याने बजावले. नव्या कोटिंगला सुरुवातीचे काही दिवस साबणापासून जपायचे असते हे खरेच आहे आणि त्यामुळे मला शंका आली नाही. खऱ्या कामातली खबरदारी खोट्या कामावर पांघरूण घालायला किती सोयीची पडते, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

पंधरा दिवसांनी गाडी धुतली. पाण्याचे मोत्यांसारखे थेंब जमून खाली ओघळले आणि मी खूश झालो. पाण्याचे असे थेंब साध्या मेणावरही जमतात, हे कोणी सांगितले नव्हते. दारांवर उन्हात एखाददुसरी रेघ दिसल्यासारखी वाटली, ती मी नजरेचा भास म्हणून सोडून दिली.

प्रदर्शन भर उन्हात मोकळ्या मैदानावर होते. माझ्या शेजारी ज्यांची गाडी होती ते गृहस्थ वयाने मोठे, स्वतःच्या गाडीचे सगळे काम स्वतः करणारे. त्यांनी माझ्या बोनेटकडे दोनदा वाकून पाहिले आणि कोटिंगखाली काय केले आहे, असे विचारले. मी तीन टप्प्यांचे पॉलिश सांगितले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “तुमची हरकत नसेल तर एक करून पाहू?” त्यांनी एका छोट्या फवारणीच्या बाटलीतून मऊ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याचे मिश्रण मारले, बोनेटच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा हलक्या हाताने दोन-तीन वेळा पुसली आणि फडक्याची बाजू बदलून कोरडी केली. मग त्यांनी विजेरी धरली. त्या तळहाताएवढ्या चौकोनात माझे सगळे जुने चरे जसेच्या तसे होते. चौकोनाबाहेर तुकतुकीत काळे, आत कोळ्याचे जाळे, आणि दोहोंमध्ये पट्टीने आखल्यासारखी सीमा. फडक्यावर पिवळसर, चिकट डाग उमटला होता.

त्यांनीच मग समजावून सांगितले. ग्लेझ नावाचा एक लेप असतो, त्यातली तेले आणि भरणद्रव्ये चऱ्यांत बसतात, त्यामुळे प्रकाश विखुरत नाही आणि चरा दिसेनासा होतो. ग्लेझ वापरणे हा काही गुन्हा नव्हे. अनेक हौशी मंडळी प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुद्दाम ग्लेझ लावतात, विशेषतः क्लिअर कोट आधीच पातळ झाला असेल तर तेच शहाणपणाचे असते. मलाही त्या कारागिराने ‘चरे बुजवून देतो, चार-सहा धुण्यांपर्यंत टिकेल’ असे सांगून त्या कामापुरते पैसे घेतले असते तर माझी काही तक्रार नव्हती. त्याने चरे काढण्याचे पैसे घेतले आणि शिवाय ज्यावर खरे कोटिंग धरतच नाही अशा तेलकट पृष्ठभागावर कोटिंग केल्याचेही घेतले. कोटिंगच्या आधी पृष्ठभाग अल्कोहोलने किंवा तशाच द्रावकाने पुसून पूर्ण कोरडा करावाच लागतो. कोटिंगचे काम खरे असते तर लेप टिकला नसता, आणि लेप होता म्हणजे कोटिंगचे काम खरे नव्हते.

यापुढची चूक सर्वस्वी माझी. मी रागाने त्याच्याकडे गेलो. आधी तो म्हणाला, तुम्ही चुकीचा शाम्पू वापरला. मी पुसलेल्या चौकोनाचे फोटो दाखवल्यावर त्याचा सूर बदलला. “साहेब, मुलांकडून राहिलं असेल. गाडी सोडा, फुकट परत करून देतो, मी स्वतः उभा राहतो.” ज्या माणसाने एकदा डोळ्यांत धूळ फेकली त्याच्याच हाती मी गाडी पुन्हा दिली, केवळ फुकट या शब्दापायी.

या वेळी त्याने खरोखरच घासले. एकाच अक्षावर गरगर फिरणारे रोटरी यंत्र, लोकरीचे पॅड, जाडसर कंपाउंड, म्हणजे रंग घासणारा लेप, आणि घाई. हे यंत्र सरावलेल्या हातात उत्तम काम करते, पण ते एका जागी रेंगाळले तर रंग तापतो, आणि कडांवर व उठावाच्या रेषांवर, जिथे थर मुळातच पातळ असतो, तिथे ते पाहता पाहता क्लिअर कोट खाऊन टाकते. डोलत फिरणारे ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र सावकाश कापते, पण त्यात हा धोका बराच कमी असतो. मी संध्याकाळी गेलो तेव्हा बोनेटच्या मधल्या उठावाच्या रेषेवर बोटभर लांबीचा निस्तेज पट्टा होता. जवळच पडलेल्या पांढऱ्या पॅडची कड काळी झाली होती. पारदर्शक थर घासला जात असतो तोवर पॅडवर गाडीचा रंग येत नाही; येतो तो खालचा रंग उघडा पडल्यावर. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाड्यांवर रंग पॅडला लागणे स्वाभाविक आहे, माझ्या गाडीवर नव्हते. उरलेल्या बोनेटवर उन्हात पाहिले तर चरे बरेच कमी झाले होते, पण त्यांच्या जागी यंत्राच्या फिरत्या मार्गाचे धूसर पट्टे आले होते आणि मान हलवली की ते सरकल्यासारखे दिसत. कारागीर या पट्ट्यांना होलोग्राम म्हणतात.

पैसे परत मिळाले नाहीत. बिलावर पॉलिश व कोटिंग लिहिले होते आणि दोन्ही केले, असे तो शांतपणे म्हणाला. माझ्याकडे ना आधीची मापे होती, ना उन्हातले आधीचे फोटो, ना कोटिंगच्या बाटलीचे नाव. आता हे काम कोणालाही देताना मी आधी एका दारावर चिकटपट्टी लावून अर्ध्या भागावर नमुना करून मागेन आणि तो अर्धा भाग अल्कोहोलने पुसून, माझ्या स्वतःच्या विजेरीने, खोलीतले दिवे बंद करून पाहीन. नमुना पसंत पडला तरी कोटिंग लावण्यापूर्वी गाडी उघड्या रंगानिशी मला दाखवली पाहिजे, हे बिलावर लिहून घेईन. कोटिंगची सीलबंद बाटली माझ्यासमोर उघडावी, असाही आग्रह धरेन. या मागण्यांना नाक मुरडणारा कारागीर भेटला तर गाडी तशीच चऱ्यांसकट घरी आणेन. चरे कुठे पळून जात नाहीत.

बोनेट शेवटी दुसरीकडे पुन्हा रंगवून घ्यावे लागले. काम सुरेख झाले आहे, रंग तंतोतंत जुळला आहे, लांबून कोणाच्या लक्षातही येत नाही. मात्र मापक यंत्र टेकवले की दारांवर १२० च्या आसपास आकडा येतो आणि बोनेटवर २३०. प्रदर्शनात मूळ रंग जपलेल्या गाड्यांच्या गटात मी नाव नोंदवत असे. यंदाच्या अर्जात ‘रंग मूळ आहे काय’ या प्रश्नापुढे मी ‘बोनेट वगळून’ असे लिहिले आणि अर्ज दुसऱ्या गटात दिला.