असेंडन्स ऑफ अ बुकवर्म, मांगा रिव्ह्यू: हिरोईनला जिना उतरता येत नाही आणि तरी इसेकाईमध्ये हीच लक्षात राहते

इसेकाई, म्हणजे आपल्या जगातलं कोणीतरी दुसऱ्याच जगात जाऊन पडतं अशा कथा, त्यांच्या मांगाचं (जपानी कॉमिक्सचं) पहिलं चॅप्टर आता न वाचता पण सांगता येतं. ट्रक येतो, हिरो मरतो, कुठलीतरी देवी भेटते, चुकून मेलास रे सॉरी म्हणते आणि भरपाई म्हणून एखादी चीट पॉवर देऊन टाकते, मग डोळ्यासमोर गेमसारखी लेव्हल आणि स्किलची विंडो उघडते आणि तिसऱ्या चॅप्टरपर्यंत गडी ड्रॅगन मारून मोकळा. यातला बराच माल शोसेत्सुका नी नारो या जपानी साइटवरून येतो, तिथं कोणीही आपली कादंबरी फुकट टाकू शकतं, आणि या टाइपच्या कथांचा इतका सुळसुळाट झाला की २०१६ च्या एका लघुकथा स्पर्धेत दुसऱ्या जगात जन्म घेण्याच्या गोष्टी चालणारच नाहीत असा नियम घालावा लागला. वाचक कंटाळले होते की परीक्षक, देव जाणे.

आणि गंमत म्हणजे असेंडन्स ऑफ अ बुकवर्म पण त्याच साइटवरची. मिया काझुकी या लेखिकेने २०१३ मध्ये तिथं लिहायला घेतली, २०१७ मध्ये पूर्ण केली, मधल्या काळात टीओ बुक्स या प्रकाशकाने लाइट नॉव्हेल (मधेमधे चित्रं असलेली जपानी कादंबरी) काढायला सुरुवात केली, २०१५ पासून सुझुकाने मांगा काढायला घेतली आणि २०१९ मध्ये अ‍ॅनिमे आली. जपानमध्ये दरवर्षी लाइट नॉव्हेलचं रँकिंग निघतं, कोनो लाइट नॉव्हेल गा सुगोई, त्यात मोठ्या आकाराच्या पुस्तकांच्या गटात २०१८ आणि २०१९ असे सलग दोन वर्ष पहिला नंबर. म्हणजे मूळ कथा नावाजलेलीच आहे, मी काही नवीन शोध लावत नाहीये, पण मी इथं मांगाबद्दल बोलतोय कारण नॉव्हेलचे जाडजूड व्हॉल्यूम बघून पळणारे खूप आहेत आणि त्यांना हा दरवाजा सोपा पडतो.

स्टोरी अशी. मोतोसु उरानो नावाची पुस्तकवेडी मुलगी, लायब्ररीत नोकरी नुकतीच पक्की झालेली, भूकंपात स्वतःच्याच पुस्तकांच्या ढिगाखाली मरते. डोळे उघडते तेव्हा ती माइन असते, पाच वर्षांची, शहराच्या गेटवर पहारा देणाऱ्या शिपायाची पोर, आणि सतत तापाने फणफणलेली. देवी नाही, विंडो नाही, कोणी काही समजावून सांगत नाही. घर कळकट, अंथरूण पेंढ्याचं. तिला या सगळ्याचं दुःख आहे पण त्याहून मोठं दुःख वेगळंच, घरात एकही पुस्तक नाही. शेजारी पण नाही. बाजारात पहिल्यांदा अक्षरं दिसतात ती किमतीच्या पाट्यांवर, आणि पुस्तक दिसतं ते अशा दुकानात जिथं हात पण लावू देत नाहीत, कारण ते चामड्याच्या कागदावर हाताने लिहिलेलं असतं आणि ती चैन फक्त सरदार लोकांची. मग बाईसाहेब ठरवतात, मिळत नाही ना, मी बनवते.

इथपर्यंत ऐकून वाटतं की ठीक आहे, आधुनिक जगातलं नॉलेज वापरून मागासलेल्या लोकांना चकित करायचं, हे पण शंभर वेळा झालंय. मेयोनीज बनवलं, साबण बनवला, अख्खं गाव पायाशी. बुकवर्म नेमकी या जागी वेगळी पडते, आणि का ते मला जरा नीट सांगायचंय.

माइनला माहिती सगळं आहे, पण जमत काहीच नाही. पपायरस करायला बसते, ज्या झाडाचा करतात ते झाड तिथं नाही, मग मिळेल त्या गवताचे धागे काढून विणत बसते आणि तळहाताएवढा तुकडा व्हायच्या आत लक्षात येतं की असं पुस्तक व्हायला जन्म जाईल. मग मातीच्या पाट्या, मेसोपोटेमियावाल्यांना जमलं तर मला का नाही जमणार, तर एकदा दुसरी पोरं तुडवून जातात आणि नंतर भट्टीत घातल्यावर फुटतात (मातीत ओल राहिली की आतली वाफ बाहेर पडायला जागा शोधते, हे कुंभारकाम केलेल्या कोणालाही विचारा). मग लाकडाच्या पट्ट्या गोळा करून, काजळी आणि मातीच्या पेन्सिली करून लिहायला घेते, तर आई त्या पट्ट्या सरपण समजून चुलीत घालते. आईची काय चूक, घरात लाकूड दिसलं, जाळलं. तिच्या डोक्यात लिहायला लाकूड वापरतात ही कल्पनाच नाही. हा सगळा भाग मांगात विनोदी केलाय, माइनचे रडके गोल चेहरे वगैरे, पण हसता हसता कळतं की एक वस्तू बनवायला तिच्यामागे दुसऱ्या किती वस्तू आधी असाव्या लागतात.

खरा कळस म्हणजे कागदाचे चॅप्टर. माइनचा मित्र लुट्झ, चार भावांत सगळ्यात धाकटा, त्याला सुतारकाम सोडून व्यापारी व्हायचंय, आणि बेन्नो नावाचा व्यापारी दोघांना अट घालतो की कागद करून दाखवा तर उमेदवारीवर घेतो. माइनला जपानी वाशी कागदाची कृती पाठ आहे. फांद्या वाफवायच्या, साल सोलायची, वरची काळी साल खरवडून आतली पांढरी ठेवायची, राखेच्या पाण्यात उकळायची म्हणजे धागे मोकळे होतात, नदीत धुवायची, बडवून लगदा करायचा, त्यात चिकट रस घालायचा म्हणजे धागे तळाशी बसत नाहीत आणि चाळणीवर सारखे पसरतात, मग दाबून वाळवायचं. एका दमात सांगून झालं. आता करा. वाफवायला भांडं कुठाय? राख विकत घ्यायची तर पैसे? चाळणीला लागणाऱ्या बांबूच्या सारख्या जाडीच्या काड्या कोण तासणार? झाड कुठलं, कारण पुस्तकात लिहिलेलं झाड या जगात नाही, चिकट रस कशाचा, प्रमाण किती? माइनने हे फक्त वाचलंय, हाताने कधी केलेलं नाही, आणि सामानाचा खर्च बेन्नोकडून काढायला तिला आधी स्वतःच्या शॅम्पूची कृती त्याला विकावी लागते. आणि थंड नदीत उतरून साल धुणारा, काड्या तासणारा, लाकूड वाहणारा कोण, तर लुट्झ. ही बया दगडावर बसून सूचना देते आणि संध्याकाळी ताप घेऊन घरी जाते.

सुझुकाचं चित्रकाम इथं कमाल करतं. सालीचा एक थर सुटताना, चाळणी पाण्यातून वर उचलून हलवताना, हातांची पोझिशन इतकी नीट दाखवलीये की नॉव्हेलमध्ये दोनदा वाचून जे डोळ्यासमोर आलं नव्हतं ते एका पॅनलमध्ये कळतं. आणि पहिलं पान वाळून सुटतं तेव्हा कुठलीही जादूची लाइट बिइट नाही, दोन पोरं वेड्यासारखी हसतायत आणि हातात एक ओबडधोबड कागद. ड्रॅगन मेल्यावर पण मला इतकं भारी वाटलं नव्हतं.

याच कागदाच्या दरम्यान आणखी एक गोष्ट होते, थोडा स्पॉयलर आहे, नको असेल तर पुढचा पॅरा सोडा.

लुट्झला कळतं. जी पोर घराबाहेर पडत नव्हती तिला या सगळ्या कृती कुठून माहीत, हा प्रश्न तो सरळ तोंडावर विचारतो, खरी माइन कुठाय? इसेकाईमध्ये ज्याच्या शरीरात हिरो घुसतो त्या मूळ माणसाचं काय झालं हे सहसा कोणी विचारत नाही, लेखक नाही आणि वाचक पण नाही. इथं विचारलंय, आणि विचारणारा तिचा एकुलता एक मित्र आहे, आणि माइनकडे चांगलं उत्तर नाहीये. ती खरी मुलगी तापात गेली. तुला मी नको असेन तर मी पण जाते, असं ती म्हणते आणि ते धमकीसारखं येत नाही, तिला खरंच तो पर्याय दिसत असतो. तो पूर्ण सीन चेहऱ्यांवर काढलाय, बॅकग्राउंड जवळजवळ नाहीच. मला वाटतं पहिल्या भागातलं सगळ्यात चांगलं काम हेच.

आता त्या तापाबद्दल, कारण कोणीतरी म्हणेलच की शेवटी हिला पण पॉवर आहेच की. आहे. माइनच्या अंगात प्रचंड मॅजिक आहे, पण गरिबाच्या पोटी आलेलं मॅजिक हा आजार आहे, ते साठत जातं आणि आतून जाळून मारतं. जीव वाचवायचा तर जादूची उपकरणं लागतात, ती फक्त सरदारांकडे, म्हणजे एक तर मरा नाहीतर कुणातरी सरदाराच्या दावणीला बांधून घ्या. फ्रीडा नावाची एक श्रीमंत पोरगी आहे, तिला हाच आजार, आणि तिने लहान वयातच सही करून पुढचं आयुष्य एका सरदाराला देऊन टाकलंय, आणि ती ते इतक्या शांतपणे सांगते की वाचताना अंगावर काटा येतो. बाकीच्या इसेकाईत पॉवर म्हणजे बक्षीस. इथं ती वर्गाची भानगड आहे.

आणि ही वर्गाची भानगड सगळीकडे झिरपलीये. कागद झाला म्हणून लगेच विकता येत नाही, चामड्याचा कागद करणाऱ्यांची संघटना आडवी येते, आणि तोडगा काय निघतो तर करारपत्रं चामड्यावरच राहतील, बाकीच्या कामाला नवा कागद. असा रटाळ तोडगा फँटसीत कोण लिहितं यार! पण जग खरं वाटतं ते त्यामुळेच. बेन्नोबरोबरचे महत्त्वाचे करार जादूच्या कागदावर रक्ताने सही करून होतात आणि कागद सोनेरी ज्वाळेत जळून जातो, म्हणजे जादू आहे, पण कामाला कुठं लावलीये बघा, व्यवहारात कोणी टोपी घालू नये म्हणून.

दुसऱ्या भागात माइन मंदिरात जाते आणि टोन बदलतो. तिथल्या अनाथाश्रमाची अवस्था बघून पोटात ढवळतं. सरदार घराण्यातल्या पुजाऱ्यांचं उरलेलं अन्न खालच्यांना जायचं अशी पद्धत, त्याला देवाची देणगी म्हणायचं, आणि मग ते पुजारीच कमी झाले तर उरणार काय? खाली पोरं उपाशी. माइन बघते, घाबरते, आणि सुरुवातीला मला हे बघायचंच नाही म्हणून तोंड फिरवते. हे मला फार पटलं, कारण ती संत नाही, तिला पुस्तकं हवीयेत. फर्डिनांड या मुख्य पुजाऱ्याबरोबरची तिची जुगलबंदी पण इथूनच सुरू होते, आणि त्याच्याबद्दल जास्त सांगत नाही, वाचा. छापलेलं पहिलं पुस्तक पण याच भागात येतं, मुलांसाठी देवांच्या गोष्टींचं चित्रपुस्तक, काजळी आणि जवसाच्या तेलाची शाई करून, आणि त्यात किती जणांचे हात लागलेत ते मोजत बसावंसं वाटतं.

बरं, आता तक्रारी. सुरुवातीची माइन डोक्यात जाते. आई-बाप-बहीण जीव टाकतायत आणि हिचं एकच टुमणं, पुस्तक पुस्तक. बहीण तुली बिचारी किती करते तिचं. लेखिकेने हे मुद्दाम केलंय, पुढं नातं बदलतं तेव्हा त्याची किंमत कळते, पण पहिल्या दोन व्हॉल्यूममध्ये मांगा बंद करणारे मी बघितलेत आणि त्यांना दोष देता येत नाही. वेग पण कमी आहे, पहिला भागच सात व्हॉल्यूमचा, आणि त्यात मारामारी म्हणाल तर नावाला. नावं जर्मन वळणाची आणि ढीगभर, मंदिरात गेल्यावर कोण कुणाचा सेवक हे लक्षात ठेवायला मला मागची पानं चाळावी लागली. मोठ्या बाईचं मन लहान मुलीच्या अंगात ही गोष्ट काही ठिकाणी विचित्र वाटते ती वाटतेच.

मांगाची म्हणून वेगळी अडचण अशी की पुढचे भाग वेगवेगळ्या चित्रकारांकडे दिलेत आणि आधीचा भाग संपायच्या आत पुढचा सुरू केलाय. तिसरा रिओ नामिनोकडे, चौथा हिकारू काट्सुकीकडे. बिझनेस म्हणून समजू शकतो, इतकी मोठी कथा एकाच हाताने काढायची तर म्हातारपण येईल, पण वाचणाऱ्याची पंचाईत होते, चेहरे थोडे बदलतात आणि चुकून पुढचा भाग आधी उघडला तर दुसऱ्या भागाचा शेवट फुटतो. तो शेवट फुटू देऊ नका. गुंटर, म्हणजे माइनचा बाप, त्याच्यासाठी तरी नका.

नॉव्हेल की मांगा? माइनच्या डोक्यातली बडबड आणि राजकारणातले बारकावे नॉव्हेलमध्ये जास्त आहेत, मांगात ते कापलेत, पण वस्तू बनवण्याचे भाग मांगात सरस, शिवाय व्हॉल्यूमच्या शेवटी काझुकीच्या छोट्या बोनस कथा असतात, दुसऱ्या पात्रांच्या नजरेतून, आणि तिथं कळतं की बाहेरच्यांना ही पोर किती भयंकर विचित्र दिसते. त्या स्किप करू नका. मी पहिले दोन भाग मांगात वाचा आणि तिथून नॉव्हेलवर उडी मारा असं सांगेन, कारण पुढं मांगा मागं पडते आणि तोपर्यंत तुम्हाला धीर राहणार नाही.

दहापैकी नऊ. एक मार्क त्या जळालेल्या लाकडाच्या पट्ट्यांसाठी कापला असता पण तो सीन आवडतो, म्हणून चित्रकार बदलल्याचा कापतो.