किडा असलेला बाल्टिक अंबर: घ्यावा, पण घुमटाकार पॉलिशचा नको

ऑनलाइन दुकानांत दोन-तीन सेंटिमीटरचा, मधाच्या रंगाचा, आत एखादा कीटक असलेला बाल्टिक अंबराचा तुकडा सहज मिळतो. अंबर म्हणजे कोट्यवधी वर्षांत कडक झालेली झाडाची राळ, बाल्टिक म्हणजे बाल्टिक समुद्राच्या परिसरातली. सोबत डबी, छोटं भिंग आणि ‘इन्सेक्ट, ४ कोटी वर्षे’ असं लेबल. वय साधारण बरोबर आहे, ही राळ इओसीन काळातली, म्हणजे सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यातली. वस्तू घेण्याजोगी आहेच. पण तुकडा कोणता निवडला आणि तो कसा घासलाय, यावर आतलं काय दिसणार हे ठरतं.

निवडताना मोठ्या, देखण्या किड्याच्या मागे लागू नका. पंख पसरून बरोबर मधोमध बसलेली माशी किंवा अख्खा विंचू स्वस्तात दिसला, तर तो बहुधा पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकमध्ये, ओतलेला असतो. खऱ्या तुकड्यात बहुतेक वेळा २ ते ५ मिलिमीटरचं चिलट, लांब पायांची माशी, मुंगी किंवा कोळी निघतो. पाय वेडेवाकडे, एखादा पंख दुमडलेला, अंगाच्या एका बाजूला दुधाळ पांढरा थर. हा थर कुजणाऱ्या शरीरातून सुटलेल्या ओलाव्याने आणि वायूंनी येतो. विक्रेते त्याला दोष समजून किंमत उतरवतात. आमच्या मते तो अस्सलपणाची चांगली खूण आहे. ओकच्या झाडाचे तारकेसारखे बारीक केस दिसले तर आणखी उत्तम. कडेने पाहताना सरळ जोडरेषा किंवा एकाच पातळीत चपटलेले बुडबुडे दिसले, तर दोन तुकड्यांमध्ये हल्लीचा किडा चिकटवलेला आहे.

घरी तपासायचं तर २५० मिली पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. अंबर तरंगतो, बेकेलाइट, अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टर बुडतात. कोपल, म्हणजे कोवळी राळ, मात्र तरंगते, म्हणून पुढची पायरी हवीच. मागच्या कोपऱ्यावर अ‍ॅसिटोनचा एक थेंब टाका. कोपल चिकट होतो, बाल्टिक अंबराला काही सेकंदांत फरक पडत नाही. अ‍ॅसिटोन नसलेलं नेलपॉलिश रिमूव्हर इथे निरुपयोगी. तापलेली सुई टोचू नका, डाग कायमचा राहतो. तपासणी झाली की तुकडा साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसा. अ‍ॅसिटोनचा हा नियम बाल्टिक अंबरापुरताच घ्यावा. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान लिग्नाइट खाणीतला अंबर तर त्याहूनही जुना, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा. तरी तो इतका मऊ आहे की टोल्युइन-क्लोरोफॉर्म या द्रावकांत विरघळवून संशोधकांनी त्यातून कीटक अख्खे सोडवले.

मुख्य तक्रार पॉलिशची. बहुतेक तुकडे दागिन्यासारखे घुमटाकार घासलेले असतात. वक्र पृष्ठातून किडा ताणलेला दिसतो आणि पंखांच्या शिरा, मिशांचे पेर मोजता येत नाहीत. ऑर्डर देतानाच किड्याच्या बाजूला सपाट खिडकी मागा. ती नसेल तर स्वतः काढता येते. आधी कडेने पाहून किडा किती खोल आहे ते ठरवा आणि त्याच्यावर किमान १ मिलिमीटर थर राखा. काचेवर वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) पसरून भरपूर पाण्यात ४००, ८००, १२००, २००० या नंबरांच्या क्रमाने, म्हणजे जाड्याकडून बारीककडे, घासा. प्रत्येक पेपरला दिशा बदला, आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जाऊ नका, मध्ये तुकडा धुवा. शेवटी ओल्या सुती कापडावर सेरियम ऑक्साइड ही पॉलिशची बारीक पूड घेऊन घासा. ड्रिलला बफ (पॉलिशची कापडी चकती) लावून घाई केली की पृष्ठभाग तापून चिकट होतो, कधी आत चकतीसारख्या भेगा उठतात. घासायचं धाडस नसेल तर ग्लिसरीनचा थेंब टाकून वर कव्हर स्लिप (मायक्रोस्कोपसाठीची पातळ काच) ठेवा, बारीक ओरखडे जवळजवळ नाहीसे होतात.

सोबतचं भिंग बाजूला ठेवा. चांगला १० पट लूप, म्हणजे डोळ्याजवळ धरायचं ताकदीचं भिंग, घ्या. स्टिरिओ मायक्रोस्कोप मिळाला तर २० ते ४० पट पुरे. प्रकाश बाजूने, खाली एकदा पांढरा आणि एकदा काळा कागद. जे दिसतं ते बहुतेकदा पोकळ कवच असतं, तरी त्यावरचा केसन् केस टिकलेला. डीएनए मिळेल ही जाहिरात मात्र खोटी. १९९० च्या दशकातले तसे दावे पुन्हा सिद्ध झाले नाहीत.

त्याच दुकानात म्यानमारच्या काचिन राज्यातला, सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचा अंबरही दिसेल. त्यातले जीव विलक्षण आहेत, पण त्या खाणी सशस्त्र संघर्षाच्या प्रदेशात आहेत. आम्ही तो घेऊ नये असंच सांगू.

तुकडा बंद डबीत, अंधारात, गारव्याला ठेवा. ऊन, अत्तर, सॅनिटायझर आणि अल्ट्रासॉनिक क्लीनर यांपासून दूर. हवा आणि उजेड लागत राहिला की पृष्ठभाग काळवंडतो आणि त्यावर बारीक तड्यांची जाळी पडते. ती पडलीच तर पुन्हा १२०० च्या पेपरपासून सुरुवात करावी लागते, आणि दर वेळी किड्यावरचा थर पातळ होत जातो.