शाहूपुरीतलं खतं-औषधांचं दुकान आणि माझी गच्ची

दुकानात शिरल्यावर 'किती लिटर देऊ?' न विचारता 'कीड कसली पडलीया, ताई?' असं विचारणारा दुकानदार मला आवडतो. कोल्हापुरातल्या शाहूपुरीतलं हे दुकान तसं शेतकऱ्यांचंच. उसाच्या बेण्याच्या आणि सोयाबीनच्या गप्पा चाललेल्या असतात, त्यात आपण गच्चीवरच्या बारा कुंड्यांची कथा घेऊन जायचं म्हणजे जरा अवघडच. पण काकांनी कधी हसण्यावारी नेलं नाही. जास्वंदीची फांदी पिशवीतून काढून दाखवली, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितली आणि म्हणाले, "ह्यो मिलीबग. नुसत्या फवाऱ्यानं जायचा न्हाई. आधी ब्रश घ्या."

कारण त्यांनीच सांगितलं. मिलीबगच्या अंगावर तो पांढरा मेणचट कापूस असतो, त्यावरून औषध ओघळून जातं. म्हणून साबणाच्या पाण्यात जुना दातांचा ब्रश बुडवून फांदीच्या बेचक्यांतून कापूस घासून काढायचा, मग निंबोळी फवारायची. शिवाय बुंध्यावर मुंग्यांची रांग आहे का ते बघायचं. कीड गोड चिकटा सोडते, मुंग्या त्यासाठी तिला राखतात. मुंग्या हटल्या नाहीत तर कीड परत येणारच.

आता मालाबद्दल. मी घेतली ती अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएमची छोटी बाटली. अझाडिरॅक्टिन म्हणजे निंबोळीतला खरा काम करणारा घटक, आणि १५०० पीपीएम म्हणजे ०.१५ टक्के. बाटलीवर हा आकडा असतो का, एवढंच मी आता बघते. याआधी ऑनलाइन मागवलेल्या बाटलीवर हिरवी पानं होती, 'शंभर टक्के शुद्ध' होतं, आकडा मात्र कुठेच नव्हता. पाण्यात टाकलं की तेल वर तरंगायचं, आणि डिसेंबरच्या सकाळी तर बाटलीत गोठूनच बसायचं. या बाटलीतलं औषध पाण्यात पडलं की पाणी लगेच दुधाळ होतं, कारण मिसळणारा घटक त्यात आधीच घातलेला असतो. लिटरला पाच मिली. साधं कडुनिंबाचं तेल घरात पडून असेल तर ते आधी रिठ्याच्या पाण्यात किंवा थोड्या द्रव साबणात घोटून घ्यावं लागतं.

फवारलं आणि कीड पटापट खाली पडली, असं होत नाही. ज्यांना तो तमाशा बघायचाय त्यांनी हे घेऊ नये. किडीची खायची वासना जाते, कात टाकता येत नाही, पुढची पिढी तयार होत नाही. मिरचीवरच्या माव्याचं तसंच झालं: आठवडाभर तो होता तिथेच दिसला, मग नवी पालवी सरळ यायला लागली. उन्हात याचा जोर उतरतो, म्हणून मी संध्याकाळीच फवारते आणि पानं उलटी करून फवारते, कारण मावा पानाखाली दडतो. कोल्हापूरच्या जुलैत मात्र बाटली उघडूच नका. आपला पाऊस सगळं धुऊन नेतो.

दशपर्णी अर्काचा कॅनही इथे मिळतो. कडुनिंब, करंज, निर्गुडी, सीताफळ, रुई, धोतरा असा पाला शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवलेला. शेतावर उत्तम असेल. अपार्टमेंटच्या गच्चीवर त्याचा वास सोडला तर खालच्या मजल्यावरच्या वहिनी दोन दिवस बोलत नाहीत. धोतरा विषारी, त्यामुळे उद्या खुडायच्या मेथी-कोथिंबिरीवर तो मला नको. काकांनी हे आपणहून सांगायला हवं होतं, विचारल्यावर सांगितलं. एक गुण तिथे कापला.

तंबाखूची निपाणी जवळ, त्यामुळे तंबाखूचं पाणी मारायचा सल्ला आमच्याकडे कुणीही देतं. झाडपाल्याचं आहे म्हणून ते निरुपद्रवी समजू नका. त्यातलं निकोटिन हाताच्या कातडीतून अंगात भिनतं. काकांनी ते ठेवलेलंच नाही, त्याबद्दल गुण परत दिला.

निंबोळी पेंड सुटी मिळते, किलोवर. कुंडीला मूठभर पुरते. मातीतल्या किडीला उपयोग आणि झाडाला खतही. फक्त पिशवी कोरड्या जागी ठेवा, ओल लागली की बुरशी धरते.

निंबोळी फवारलेली पालेभाजी लगेच खुडू नका, धुतली तरी कडवटपणा राहतो. बाटलीवर जेवढे दिवस थांबायला सांगितलेत तेवढे थांबा. आणि दुकानात दुपारी जाऊ नका, शटर अर्धं ओढलेलं असतं आणि काका जेवायला गेलेले असतात. पोरगा बसतो, तो विचारत नाही, महागातली बाटली पुढे करतो.