टिलीमिली : सह्याद्री वाहिनीवरची तिसरीची शाळा, एका बापाचा अभिप्राय

मेहुणीने परवा विचारलं, "भावोजी, ते टिलीमिली पोराला लावून देऊ का? यूट्यूबवर दिसतंय अजून." हो किंवा नाही एवढ्यावर भागण्यासारखं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०२० साली माझी मुलगी तिसरीत होती. मी भांडुपला टेम्पो चालवतो. लॉकडाऊनमुळे गावी, दापोली तालुक्यात अडकलो होतो. एरवी पोरगी काय शिकते ते मला गणपतीला आणि शिमग्याला कळायचं, तेही विचारलं तर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिली ते चौथीच्या वर्गांचं कुलूप निघायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ही मालिका तयार केली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै ते २६ सप्टेंबर २०२० या काळात ती लागली. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेचे ६० भाग, रविवार सोडून रोज सकाळी एक, बालभारतीच्या पुस्तकांना धरून. पैसे काही नाहीत. टीव्ही पाहिजे आणि वीज पाहिजे. आता विजेचं म्हणाल, तर ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं होतं. पत्रे उडाले, काजूची झाडं आडवी झाली, खांब तर विचारूच नका. पुढे वीज आली तरी पावसात तिचा भरवसा नव्हता, आणि वीज गेली की त्या दिवसाचा भाग गेला. यूट्यूबवर बघायचा तर रेंजसाठी सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या माळावर चढा, तेही भर पावसात.

सुरुवातीला मला वाटलं, कुणी मास्तर फळ्यापुढे उभा राहून बोलणार आणि पोरं जांभया देणार. तसलं काही नव्हतं. पोरं आणि त्यांचे आईबाप घरात, अंगणात काहीतरी करताहेत, मोजताहेत, एकमेकांना विचारताहेत आणि त्यातून पाठ पुढे सरकतोय. मला पटलं ते हेच. अर्ध्या तासात टीव्ही बंद होतो आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. नेमकं त्याच सुमारास एका ॲपवाल्याचे सारखे फोन यायचे, "सर, मुलीच्या भविष्याचा प्रश्न आहे, टॅब हप्त्यावर देतो." टेम्पोचा हप्ता थकलेला होता, म्हणून वाचलो.

आमच्याकडे त्या वर्षी व्यापारी न आल्यामुळे काजूच्या बिया घरातच पडून होत्या. तेच आमचं गणिताचं साहित्य झालं. दहा-दहा बियांच्या कागदाच्या पुरचुंड्या आणि दहा पुरचुंड्यांची एक पिशवी. एके दिवशी ३०४ मधून १३८ वजा करायचे होते. पडवीत तीन पिशव्या आणि चार सुट्या बिया मांडल्या. आठ काढायच्या तर सुट्या चारच, आणि पुरचुंडी एकही मोकळी नाही. मी म्हटलं, हातचा घे. तिने माझ्याकडे बघितलं. "कुठून घेऊ? थांबा पप्पा, आधी पिशवी फोडायला लागेल." पिशवी सोडली, दहा पुरचुंड्या बाहेर काढल्या, त्यातली एक फोडली आणि मग आठ बिया बाजूला केल्या. शेवटी १६६ उरल्या त्या तिने पुन्हा मोजूनही घेतल्या, माझ्यावर विश्वास नसल्यासारख्या. मधल्या शून्यावर नऊ का येतो हे मला त्या दिवशी पडवीत दिसलं. आमच्या वेळी नुसतंच 'हातचा घे' होतं.

दर शनिवारी रात्री मी तिला विचारायचो, या आठवड्यात काय झालं. एका आठवड्यात तीन अंकी संख्या, एका आठवड्यात घड्याळ, कधी नाणी-नोटा, कधी कवितेला चाल लावणं. मापन आलं तेव्हा आईने तिचं पायली-शेराचं गणित काढलं, चार शेरांची एक पायली, आणि लिटर-किलोवाली नात तिच्याशी भांडत बसली. तो पाठ टीव्हीपेक्षा चुलीजवळ जास्त रंगला.

आता कमी पडलं ते. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तेव्हा प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं होतं. आमचं रत्नागिरी जिल्ह्याचं, नंदुरबारच्या पोराचं त्याच्या जिल्ह्याचं. मालिका मात्र सगळ्या राज्याला एकच. तिने आमची खाडी कुठून दाखवावी? तो भाग घरच्यांनाच भरून काढावा लागतो. पोरीला नकाशा घेऊन बाणकोटपासून खाली एकेक खाडी शोधायला बसवलं, ते आम्हीच.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. हा कार्यक्रम मोकळं मोठं माणूस गृहीत धरतो, आणि नेमका सकाळच्या वेळेला. जुलै म्हणजे लावणी. बायको आणि आई शेतात. माझ्या कमरेने दोनच दिवसांत त्या कामाला नकार दिला, म्हणून घरी मी. शेजारच्या वाडीत दोन्ही माणसं शेतावर आणि पोरं एकटीच टीव्हीपुढे. ती बघायची सगळं, हसायचीही, पण बिया मांडायला कुणी नव्हतं.

मालिका संपली, मी भांडुपला परतलो आणि नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवरचा 'स्वाध्याय' आला. शिक्षण खात्याचाच, दर आठवड्याला भाषा आणि गणिताचे प्रश्न, पर्याय निवडा, लगेच गुण. कल्पना चांगली. पण घरात व्हॉट्सॲपचा फोन एकच आणि तो माझ्या खिशात. बायकोकडे बटणांचा. मग मी गाडी कडेला लावून प्रश्न मोठ्याने वाचायचो, चारही पर्याय सांगायचो आणि पोरगी पलीकडून ओरडायची, "तीन नंबर!" चित्राचा प्रश्न आला की पंचाईत. त्रिकोणाच्या शेजारी काय काढलंय ते फोनवर सांगताना उत्तरच तोंडातून निघून जायचं. तिला गुण छान पडायचे. त्यातले माझे किती, ते विचारू नका.

मेहुणीला उत्तर: लावून दे. मात्र पहिलीची पुस्तकं २०२५ मध्ये बदलली आणि पुढच्या इयत्तांचीही टप्प्याटप्प्याने बदलताहेत, तेव्हा पाठ पुस्तकाशी जुळतोय ना ते आधी बघ. भाग ओळीने बघायची गरज नाही, जे शाळेत चालू आहे तेवढंच लाव. बिया नसल्या तर चिंचोके चालतील.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो परिसर अभ्यासाचा. आणि शेजारी कुणी बसणार नसेल तर तीनच.