कॅकॅटुऑइडिस, आगासिझी की रामिरेझी : बेळगावच्या पाण्याला कोणता ड्वार्फ सिक्लिड मानवेल?

ब्लॅकवॉटर टँक, म्हणजे पाल्याने तपकिरी झालेल्या मृदू, आम्लधर्मी पाण्याचा टँक, करायचे ठरवून माशांच्या दुकानात गेलेल्या माणसासमोर आपल्या भागात बहुधा तीनच ड्वार्फ सिक्लिड (सिक्लिड कुळातले छोटे मासे) येतात: अ‍ॅपिस्टोग्रामा कॅकॅटुऑइडिस, अ‍ॅपिस्टोग्रामा आगासिझी आणि रामिरेझी, म्हणजे दुकानदारांच्या बोलीतला रॅम. रंगावर भाळून यांतला एक उचलण्याआधी आपल्या घरात कोणते पाणी येते, हे पाहिलेले बरे.

ब्लॅकवॉटरचा नमुना म्हणजे अ‍ॅमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो. तिचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते ते कुजलेल्या पाल्यातील ह्युमिक द्रव्यांमुळे; परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य असे, की त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि म्हणूनच त्याचा पीएच ४ ते ५ पर्यंत उतरतो. देशी बदामाची वाळलेली पाने टाकली की रंग कोणत्याही पाण्याला चढतो. मात्र अथणी-रायबागकडच्या काळ्या जमिनीतील बोअरचे जड पाणी घेतले, तर त्यातील कार्बोनेट पानांतून उतरणारे आम्ल निष्प्रभ करते, आणि पाणी तपकिरी होऊनही पीएच जागचा हलत नाही. खानापूरकडच्या जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी सहसा मृदू असते. शिवाय पहिल्या दोन पावसांत छप्पर धुऊन निघाले, की पागोळ्यांचे पाणी पिंपात धरून ठेवता येते. एवढे मृदू पाणी विकत घेण्याची आपल्याला गरज नाही.

आता मासे. कॅकॅटुऑइडिसचे १९५१ मधील शास्त्रीय नाव काकाकुवावरून आले आहे, आणि नराच्या पाठीच्या पराचे पुढचे लांब काटे पाहिले की ते पटते. तोंड मोठे, ओठ जाड आणि शेपटीला वर-खाली दोन टोके, या खुणांवरून प्रौढ नर चटकन ओळखता येतो. पेरूमधील त्याचे मूळ पाणी फारसे आम्लधर्मी नसल्यामुळे तो ७ च्या आसपासच्या पीएचमध्येही सुखाने राहतो व अंडी घालतो. काटेकोरपणे बोलायचे तर तो ब्लॅकवॉटरचा मासाच नव्हे. आगासिझीचे वर्णन १८७५ चे असून नाव निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासिझ यांच्यावरून आहे. याची शेपूट भाल्याच्या पात्यासारखी एकाच टोकाला निमुळती होते आणि अंगावरचा काळा पट्टा खंड न पडता थेट शेपटीत शिरतो. कॅकॅटुऑइडिसचा पट्टा मात्र शेपटीच्या बुंध्यापाशी संपतो आणि तिथे वेगळा ठिपका दिसतो. दुकानातील मंद उजेडात मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून एवढी एक जागा पाहिली, तरी निम्मा घोळ मिटतो.

उरलेला निम्मा घोळ माद्यांचा. दोन्ही जातींच्या माद्या लहान, पिवळट आणि एकमेकींसारख्या दिसतात, आणि त्यात भर म्हणून दबलेला नरही मादीसारखाच रंग धरून लपून राहतो. मी एकदा आगासिझीची जोडी म्हणून दोन मासे आणले. अंडी घालण्यासाठी टँकमध्ये ठेवलेल्या नारळाच्या करवंटीत चार महिने अंड्यांचा पत्ता नव्हता; मोठा मासा मेला आणि पंधरवड्यात त्या ‘मादी’ची शेपूट लांबू लागली. तेव्हापासून मी एका नरासोबत मादी म्हणून एकच मासा कधी घेत नाही. पाच-सहा पिल्ले घेतो आणि त्यांनाच आपापले लिंग उघड करू देतो. पिल्ले घरी वाढवायची असतील तर तापमानही महत्त्वाचे ठरते, कारण रोमर आणि बायसेनहर्झ यांच्या १९९६ च्या अभ्यासानुसार बहुतेक अ‍ॅपिस्टोग्रामांमध्ये वाढत्या तापमानाबरोबर नरांचे प्रमाण वाढते.

रामिरेझीचे गणित निराळे. तो ओरिनोको खोऱ्यातील उष्ण गवताळ प्रदेशातला, १९४८ मध्ये नाव मिळालेला मासा असून त्याला २७ ते ३० अंश ऊब लागते. मादीच्या पोटावर गुलाबी छटा असते आणि कुशीवरच्या काळ्या डागात निळे खवले चमकतात. ‘इलेक्ट्रिक ब्लू’ प्रकारात तो डागच जवळजवळ पुसला गेल्याने ही खूण उपयोगी पडत नाही. फुग्यासारखे अंग केलेले प्रकार तर मी कोणालाच सुचवणार नाही. बेळगावची अडचण अशी, की इथे डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीच नव्हेत, तर जुलै-ऑगस्टचे झडीचे दिवसही गार असतात, आणि नेमके त्याच वेळी लाईट जाते. हीटर चार-पाच तास बंद पडला तर कॅकॅटुऑइडिस बहुधा निभावून नेतो. रामिरेझी मात्र कोपऱ्यात जाऊन अंग काळे करून बसतो. हीटर लावायचाच नसेल, तर पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातील अ‍ॅपिस्टोग्रामा बोरेली शोधावा. तो वीस अंशांच्या आसपासचे पाणीही सहन करतो, पण इथल्या दुकानांत क्वचितच दिसतो.

म्हणून चिकोडी-अथणीकडे बोअरचे पाणी असेल, तर कॅकॅटुऑइडिसच घ्यावा आणि बदामाची पाने केवळ आडोसा व सावली म्हणून टाकावीत. पावसाचे पाणी साठवण्याची सोय आणि हीटरला इन्व्हर्टरचा आधार असेल, तर आगासिझी हाच माझा कौल: पीएच ६ च्या खाली, २५-२६ अंशांत, पानांच्या थरावरून सरकणारी त्याची शेपूट तपकिरी पाण्यात जशी उठून दिसते तशी बाकी दोघांची दिसत नाही. दोन फूट लांब व फूटभर रुंद टँकमध्ये मात्र एकच नर ठेवावा, आणि प्रत्येक मादीला स्वतंत्र करवंटी द्यावी. तोंड इतकेच मोठे फोडावे, की मादी आत शिरेल आणि नराचे डोके बाहेरच राहील.